दावणीवरचा दूधनळ : विस्कॉन्सिनमधील गोठ्याची रचना आणि दोहनयंत्राचा विकास

दोहनयंत्राचा इतिहास बहुधा शोधकांच्या नावांनी आणि पेटंटांच्या वर्षांनी सांगितला जातो. स्कॉटलंडमधील विल्यम मर्चलँड, ग्लासगोचा अलेक्झांडर शील्स, ऑस्ट्रेलियातील अलेक्झांडर गिलीज ही नावे त्यात क्रमाने येतात. पुढे न्यू जर्सीतील फिरते दोहनगृह, न्यूझीलंडमधील हेरिंगबोन दोहनगृह आणि अखेरीस यंत्रमानव असे टप्पे मांडले जातात. या मांडणीत गोठा ही केवळ पार्श्वभूमी असते. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या ईशान्येकडील व सरोवरप्रदेशातील राज्यांत, तसेच कॅनडाच्या पूर्व भागात, हजारो शेतकऱ्यांनी नवे दोहनगृह बांधले नाही. गाई जेथे बांधलेल्या होत्या तेथेच, त्यांच्या डोक्यावरून, त्यांनी दूधनळ फिरविला. ज्या गोठ्यात हा नळ शिरला तो गोठा त्याच्यापूर्वी कित्येक दशके बांधून झालेला होता, आणि नळाची उंची, उतार, वळणे व व्यास ही सर्व त्या गोठ्याने ठरविली. प्रस्तुत लेखाचा विषय ही घटना होय. इमारतीने यंत्रास घातलेल्या अटींचे परिणाम शेतकरी, गाय आणि अभियंता या तिघांनाही पुढे अर्धशतक भोगावे लागले, हे विस्कॉन्सिन राज्याच्या उदाहरणावरून दाखविता येते.

१. गोठ्याचे पूर्वरूप

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास विस्कॉन्सिन हे गव्हाचे राज्य होते. एकाच पिकाने उतरलेला जमिनीचा कस, चिंच बग या किडीचा उपद्रव आणि पश्चिमेकडील नव्या जमिनींची स्पर्धा यांमुळे १८६० नंतरच्या दोन दशकांत गव्हाची शेती मोडकळीस आली आणि शेतकरी दुधाकडे वळला. या परिवर्तनाचा प्रचारक विल्यम डेम्प्स्टर होर्ड याने १८८५ मध्ये ‘होर्ड्स डेअरीमन’ हे नियतकालिक सुरू केले. राज्य विद्यापीठात स्टीफन बॅबकॉक याने १८९० मध्ये दुधातील स्निग्धांश मोजण्याची सोपी कसोटी शोधली. तिच्यामुळे दुधाचे मोल त्याच्या गुणावरून ठरविता येऊ लागले. १९१५ च्या सुमारास हे राज्य दुग्धोत्पादनात देशात अग्रस्थानी पोचले होते.

या नव्या शेतीला लागणारा गोठा प्रामुख्याने हिवाळ्यासाठी बांधला गेला. वर्षातील चार-पाच महिने गाय बाहेर चरू शकत नसे. म्हणून वरच्या मजल्यावर वाळल्या चाऱ्याचा साठा आणि खाली, अनेकदा दगडी भिंतींच्या आत, गाईंच्या दोन रांगा अशी दुमजली रचना रूढ झाली. छत सखल ठेवले जाई, कारण गाईंच्या अंगच्या उबेनेच गोठा गरम राहावयाचा असे. अशा कोंदट जागेत हवा खेळती कशी ठेवावी हा प्रश्न विद्यापीठातील कृषिभौतिकीचे प्राध्यापक फ्रँकलिन हायरम किंग यांनी हाताळला आणि त्यांच्या नावाची वायुवीजनपद्धती पुढे सर्वत्र पसरली.

आतील मांडणीही ठरून गेली. गोठ्याची रुंदी ३४ ते ३६ फूट, त्यात दोन रांगा, प्रत्येक गाईस साडेतीन ते चार फूट रुंदीचे ठाण, पुढे गव्हाण, मागे शेणमुताची नाली. गाई शेपटीकडे शेपटी करून बांधल्यास मधली वाट शेण काढण्यास व धार काढण्यास उपयोगी पडे; तोंडाकडे तोंड करून बांधल्यास तीच वाट वैरण घालण्यास सोयीची होई. गाईस बांधण्याचे प्रकार मुख्यतः दोन होते. मानेच्या दोन्ही बाजूंस उभ्या दांड्या असलेला खोडा, ज्यास तिकडे स्टॅन्चन म्हणतात, हा एक. आणि गळ्यातील पट्ट्यास साखळीने बांधण्याचा टाय स्टॉल हा दुसरा. दुसऱ्या प्रकारात गाईस बसण्या-उठण्याची मोकळीक अधिक मिळते. मराठी वाचकास परिचित असलेल्या दावणीशी त्याचे साम्य असल्याने पुढील विवेचनात दोन्ही प्रकारांस मिळून ‘दावणीचा गोठा’ असेच म्हटले आहे. लोखंडी ठाणे, खोडे आणि शेणाच्या लोंबत्या गाड्या पुरविणाऱ्या कंपन्यांनी, ज्यांत आयोवा राज्यातील फेअरफील्ड येथील लाउडन कंपनी अग्रगण्य होती, हा साचा विसाव्या शतकाच्या आरंभी दूरवर पोचविला. यंत्राने धार काढण्याचा विचार सर्वसामान्य होण्यापूर्वीच गोठा असा पक्का होऊन बसला होता.

२. बादलीचे यंत्र

यंत्राने धार काढण्यात मूळ अडचण शोषणाची नव्हती; शोषण कोणत्याही पंपाने साधत असे. मर्चलँडच्या १८८९ च्या यंत्रात शोषण अखंड चालू राही आणि आचळात रक्त साकळून त्यास इजा होई. शील्सने १८९५ च्या ‘थिसल’ यंत्रात शोषण कमीजास्त करणारा स्पंदक आणला. १९०३ मध्ये गिलीजने दोन कप्प्यांचा आचळपेला सिद्ध केला. त्याच्या आतील रबरी अस्तर ठरावीक गतीने मिटते व उघडते, आणि मिटताना आचळास मालीश होऊन रक्त पुढे सरकते. आजचे प्रत्येक दोहनयंत्र याच तत्त्वावर चालते. न्यूयॉर्क राज्यातील लिटल फॉल्स येथील बरेल कंपनीने १९०५ मध्ये या तत्त्वावरील बादलीचे यंत्र अमेरिकेत विकण्यास प्रारंभ केला.

दावणीच्या गोठ्यास बादलीचे यंत्र चांगले मानवले. ठाणांवरून एक निर्वाताची नळी फिरवावयाची आणि बादली गाईपाशी नेऊन रबरी नळीने तिला जोडावयाची, एवढेच काम असे. इमारतीत काहीही बदल करावा लागत नसे. हर्बर्ट मॅकॉर्नॅक याने रचलेले आणि शिकागोच्या बॅबसन ब्रदर्स कंपनीने १९२२ च्या सुमारास बाजारात आणलेले ‘सर्ज’ यंत्र तर बादलीच गाईच्या पोटाखाली पट्ट्याने टांगीत असे. दूध आचळातून काही इंच खाली पडले की बादलीत पोचे. ते वर चढवावे लागत नसल्याने आचळाच्या टोकाशी निर्वात बराचसा स्थिर राही. या गुणाचे महत्त्व त्या काळी फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. ते हरपल्यानंतर कळले.

यंत्राच्या प्रसारास खरा अडथळा विजेचा होता. १९३० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील दहांपैकी जवळजवळ नऊ शेतघरांत वीज नव्हती. निर्वात पंप चालविण्यास पेट्रोलचे इंजिन लागे. १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन स्थापन झाले आणि त्यानंतरच्या दोन दशकांत हे चित्र पालटले. वीज आल्यावर बादलीचे यंत्र लहान शेतकऱ्याच्याही आवाक्यात आले. त्याचे बसून धार काढण्याचे श्रम वाचले, परंतु दूध वाहण्याचे श्रम तसेच राहिले. चाळीस गाई प्रत्येकी पंचवीस पौंड दूध एका वेळेस देत असतील, तर एका वेळेचे १,००० पौंड दूध बादली-बादलीने दूधखोलीपर्यंत न्यावे लागे, आणि हे दिवसातून दोनदा, वर्षाचे सर्व दिवस.

३. शीतटाकी आणि नळाचा प्रवेश

नळातून दूध नेण्याची कल्पना नवी नव्हती. न्यू जर्सीतील प्लेन्सबरो येथे वॉकर-गॉर्डन कंपनीने १९३० मध्ये उभारलेल्या ‘रोटोलॅक्टर’ या फिरत्या दोहनगृहात पन्नास गाई एकाच वेळी चढविल्या जात. तेथे गाय यंत्राकडे येत होती. कौटुंबिक शेतकऱ्यापुढे प्रश्न उलट होता. त्याचा गोठा उभा होता, त्यावरील कर्ज कदाचित नुकतेच फिटले होते आणि हिवाळ्यात गाईंना त्या गोठ्यातच राहावयाचे होते. त्याला यंत्र गाईकडे न्यावयाचे होते.

ही गरज तातडीची झाली ती दुधाच्या वाहतुकीतील बदलामुळे. तोवर दूध दहा गॅलनच्या कॅनमधून जात असे. भरलेल्या कॅनमधील दुधाचेच वजन ८६ पौंड भरे. १९५० च्या दशकात दुग्धालयांनी कॅन सोडून टँकरने दूध उचलण्यास सुरुवात केली, आणि त्यासाठी शेतावर पोलादी शीतटाकी असणे आवश्यक ठरले. टाकी आली की दूध बादलीने वाहून तिच्यात ओतणे विसंगत वाटू लागले. काहींनी मधला मार्ग पत्करला: चाकांवरील एका भांड्यात बादली रिती करावयाची आणि तेथून लांब नळीने दूध टाकीकडे ओढावयाचे. पुढची पायरी म्हणजे संपूर्ण गोठ्याभोवती कायमचा दूधनळ.

दूधनळाची अट स्वच्छतेची होती. रोज सुटा करून घासावा लागणारा नळ दोनशे-अडीचशे फूट लांबीचा असणे अशक्य होते. उष्णतेस टिकणारी काच आणि निष्कलंक पोलाद यांचे नळ, तसेच नळ न सोडता त्यातूनच धावन फिरवून तो धुण्याची पद्धती, ही दोन्ही १९५० च्या दशकात प्रस्थापित झाल्यावरच आरोग्याधिकाऱ्यांनी त्यास मान्यता दिली. संघराज्याच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९२४ पासून नमुनादाखल पुरविलेल्या दूधविषयक नियमावलीने ‘अ’ श्रेणीच्या दुधासाठी स्वतंत्र दूधखोली आवश्यक केलीच होती. त्यामुळे नळाचे एक टोक कोठे असावे हेही आधीच ठरलेले होते.

४. नळाची आखणी

दावणीच्या गोठ्यातील दूधनळाची सर्वमान्य रचना अशी झाली. दूधखोलीत काचेचा एक संग्राहक असतो. त्याच्या वर, निर्वात पंपाच्या बाजूस, दुधाचा अंश पंपाकडे जाऊ नये म्हणून एक अटकपात्र असते. संग्राहकापासून निघालेला नळ एका रांगेवरून जातो, गोठ्याच्या दूरच्या टोकाशी वाट ओलांडतो आणि दुसऱ्या रांगेवरून परत संग्राहकास येऊन मिळतो. अशा वेढ्याच्या मध्यावर सर्वोच्च बिंदू असतो आणि तेथून दोन्ही बाजूंस दूध स्वभावतः संग्राहकाकडे उतरते. संग्राहक भरला की पंप ते टाकीत सोडतो. दर दोन ठाणांमध्ये नळाच्या वरच्या अर्ध्या भागात एक तोटी असते. धार काढणारा मनुष्य आचळपेल्यांचा संच घेऊन दोन गाईंच्या मध्ये शिरतो, संचाची नळी तोटीस लावतो आणि एक गाय झाली की तोच संच शेजारच्या गाईस लावतो.

वेढ्याऐवजी एका टोकास बंद असलेला सरळ नळ टाकल्यास खर्च कमी येई. परंतु त्यात दूध आणि हवा यांना एकच मार्ग राहतो. वेढ्यात एका भुजेत दूध दाटले तरी दुसऱ्या भुजेतून निर्वात पोचू शकतो. म्हणून जाणकार वेढ्याचाच आग्रह धरीत.

उताराचा हिशेब या आखणीचा गाभा होय. दुग्धोद्योगातील ‘थ्री-ए’ स्वच्छतामानकांप्रमाणे दर दहा फुटांस किमान सव्वा इंच उतार अपेक्षित होता. पन्नास गाईंच्या गोठ्यात प्रत्येक रांग शंभर फुटांची आणि जोडनळांसह वेढा अडीचशे फुटांचा धरला, तर प्रत्येक भुजा सव्वाशे फुटांची होते आणि तिला सुमारे साडेपंधरा इंच चढ लागतो. दूधखोलीच्या टोकाशी नळ साडेपाच फुटांवर असल्यास दूरच्या टोकाशी तो पावणेसात फुटांच्या वर जातो. सखल छताच्या जुन्या गोठ्यात एवढी जागा कशीबशी मिळे. दूरच्या टोकाशी बहुधा गाई आत येण्याचे दार असे, आणि सर्वोच्च बिंदू नेमका त्यावर येत असल्याने नळाखालून जाता येई, एवढी एक सोय त्यात होती.

दूधखोली गोठ्याच्या लांब बाजूच्या मध्यावर असेल तर दोन स्वतंत्र वेढे टाकून चार भुजा करता येत. मग प्रत्येक भुजा निम्मी होऊन चढही निम्म्यावर येई. परंतु पलीकडच्या रांगेचे नळ मधली वाट ओलांडताना सर्वांत सखल पातळीवर असत आणि शेणाच्या वा वैरणीच्या गाडीस अडथळा होई. दूधखोली कोठे आहे, जमीन कोणीकडे उतरती आहे, खांब कोठे आहेत, दार कोठे आहे, या पूर्वजांनी वेगळ्याच हेतूंनी ठरविलेल्या गोष्टींवर आखणीचा प्रत्येक निर्णय अवलंबून राहिला. सोयीसाठी मध्येच नळ उभा चढविण्याचा मोह होई. त्याचाही दोष लवकरच दिसून आला. उभ्या चढावर दूध हवेबरोबर घुसळले जाऊन स्निग्धकणांवरील आवरण फुटते, विकरे स्निग्धांशाचे विघटन करतात आणि दुधास खवट वास येतो. बादलीच्या काळात क्वचित आढळणारी ही तक्रार नळांबरोबर वाढली, आणि उभे चढ टाळावेत असा दंडक त्यातून निघाला.

५. उंचीचे मोल

गाईची कास जमिनीपासून सुमारे दीड फुटावर आणि नळ साडेपाच ते पावणेसात फुटांवर. म्हणजे प्रत्येक गाईचे दूध चार ते पाच फूट उचलावे लागे. ते उचलणारी शक्ती म्हणजे आचळावर काम करणारा तोच निर्वात. दुधाचा एक मीटर उंचीचा अखंड स्तंभ सुमारे १० किलोपास्कल दाबाइतका भार टाकतो. चार पेल्यांचे दूध एकत्र करणाऱ्या क्लॉमध्ये हवेचे बारीक छिद्र ठेवून हा स्तंभ तोडला जातो, त्यामुळे प्रत्यक्ष घट याहून कमी होते. तथापि ती नाहीशी होत नाही, आणि दुधाचा ओघ जितका जोराचा तितकी ती वाढते.

यावर उपाय म्हणून नळातील निर्वाताचे मान वाढविण्यात आले. कमरेखालून नळ जाणाऱ्या दोहनगृहात ४२ किलोपास्कलच्या आसपासचा निर्वात पुरतो, तर दावणीच्या उंच नळास ४६ ते ५० किलोपास्कल लागू लागला. ओघ जोरात असताना क्लॉमधील निर्वात ३५ ते ४२ किलोपास्कलांच्या दरम्यान राहावा, हा त्यामागील हेतू. परंतु धार संपत आली की नळीत चढणारे दूध उरत नाही, आणि मग नळातील जवळजवळ संपूर्ण निर्वात रित्या आचळावर पडतो. गाय भरलेली असताना यंत्र काहीसे दुबळे आणि ती रिती होत असताना अधिक कठोर, असा हा विपर्यास होता. संच वेळेवर काढण्याची सारी जबाबदारी धार काढणाऱ्याच्या लक्षावर आली. तीन-चार संच एकाच वेळी सांभाळणाऱ्या मनुष्याचे लक्ष कोठे ना कोठे चुकणे स्वाभाविक होते.

कासदाहाशी याचा संबंध काय, हा पुढील संशोधनाचा विषय झाला. इंग्लंडमधील शिनफील्ड येथील राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्थेत थील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० व १९७० च्या दशकांत प्रयोग करून दाखविले की, अस्तराच्या हालचालीमुळे होणारे निर्वाताचे नियमित चढउतार आणि बाहेरून हवा शिरल्यामुळे होणारे अनियमित चढउतार एकत्र आले की नव्या संसर्गाचे प्रमाण वाढते. आयर्लंडमधील मूरपार्क येथे ओ’शे आणि ओ’कॅलहन यांनी पेला घसरण्याच्या घटनेकडे लक्ष वेधले. पेला घसरून हवा आत शिरली की दुधाचे तुषार उलट दिशेने दुसऱ्या आचळाच्या टोकावर आदळतात आणि त्यांबरोबर जंतू आचळात शिरू शकतात.

येथे एक मर्यादा नमूद करणे न्याय्य होईल. त्याच शिनफील्ड संस्थेतील डॉड आणि नीव्ह यांच्या कार्यातून कासदाहाचे नियंत्रण मुख्यतः धार काढल्यानंतर आचळ जंतुनाशकात बुडविणे, भाकड काळातील औषधोपचार, आजारी गाईंवर इलाज, जुनाट रोगी गाई काढून टाकणे व यंत्राची निगा यांवर अवलंबून असल्याचे सिद्ध झाले. यंत्र हे या पाचांपैकी एक अंग होय. दूधनळामुळेच कासदाह फोफावला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; परंतु उंच नळाने चुकीस जागा कमी ठेवली, हे निश्चित.

६. प्रवाहाचा प्रश्न

पहिल्या पिढीतील अनेक नळ दीड इंच व्यासाचे होते. काच व पोलाद महाग असल्याने बारीक नळ स्वस्त पडे आणि धुण्यास पाणीही कमी लागे. ‘थ्री-ए’ मानकांच्या जुन्या कोष्टकाप्रमाणे दीड इंची नळाच्या प्रत्येक उतारावर दोनच संच लावावयाचे होते; दोन इंचीवर चार, अडीच इंचीवर सहा आणि तीन इंचीवर नऊ. व्यवहारात गाई वाढल्या, जोपासनेने त्यांचे दूधही वाढले, एकाऐवजी दोन माणसे धार काढू लागली, आणि नळ मात्र तोच राहिला.

असे झाल्यास नळात काय घडते, हे समजून घेण्यास द्रवगतिशास्त्राची मदत घ्यावी लागली. नळाचा तळ दुधाने आणि वरचा भाग हवेने व्यापलेला असेल, तर दोघेही एकमेकांस अडथळा न करता वाहतात. यास थरबद्ध प्रवाह म्हणता येईल. दूध वा हवा मर्यादेबाहेर वाढली की लाटा उठतात, एखादी लाट नळाच्या माथ्यास टेकते आणि दुधाचा डाट बसतो. डाटापलीकडील प्रत्येक संचाचा निर्वात त्या क्षणी कोसळतो. ऑस्ट्रेलियाचे ग्रेम मीन आणि विस्कॉन्सिन विद्यापीठाचे डग्लस राइनमन यांनी १९९० च्या दशकात मॅडिसन येथील प्रयोगशाळेत या प्रवाहाचा पद्धतशीर अभ्यास केला. संचांची संख्या, गाईंच्या दुधाचा ओघ, संच लावताना आत शिरणारी हवा, नळाचा उतार आणि त्याचा व्यास यांचा मेळ घालून नळ आखावा, आणि नळातील निर्वाताची घट २ किलोपास्कलांहून अधिक होऊ देऊ नये, ही कसोटी अशा अभ्यासांतून अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय मानकांत रुजली. त्याच मार्गदर्शनात दूधनळ गाईच्या उभे राहण्याच्या पातळीपासून दोन मीटरहून उंच नसावा असाही संकेत आहे. वर दिलेल्या पन्नास गाईंच्या गोठ्याच्या हिशेबाशी तो ताडून पाहिल्यास लांब जुन्या गोठ्यातील पेच उघड होतो: उतार वाढविला तर प्रवाह सुधारतो, पण दूरच्या गाईंचे दूध अधिक उंच चढवावे लागते.

राहिला उपाय व्यास वाढविण्याचा. १९८० व १९९० च्या दशकांत अनेक गोठ्यांतील दीड इंची नळ उतरवून दोन, अडीच वा तीन इंची नळ बसविले गेले. परंतु धावनाचे गणित नेमके याच्या उलट होते. धार काढताना नळात डाट बसू नये, आणि नळ धुताना मात्र डाटच हवा; कारण थरबद्ध वाहणारे पाणी नळाचा माथा घासू शकत नाही. त्यासाठी ठरावीक अंतराने हवा सोडून पाण्याचे डाट सेकंदास ७ ते १० मीटर वेगाने नळातून धाडावे लागतात. नळ जितका मोठा, तितके पाणी, तितकी हवा आणि तितकाच मोठा निर्वात पंप. जुन्या गोठ्यास मोठा नळ बसविणाऱ्या शेतकऱ्यास एका सुधारणेबरोबर सर्व साखळीच बदलावी लागे. खर्चाचा हा वाढता आकडा त्याच्या हिशेबात आरंभी क्वचितच धरलेला असे.

७. तडजोडीचे फलित

या सर्व खटपटीने काय साधले? दूधनळाने दूध वाहण्याचे श्रम संपविले, दूध उघड्या हवेपासून दूर ठेवले, आणि पन्नास-साठ गाईंचा कळप एका कुटुंबाच्या हातांनी सांभाळणे शक्य केले. नवे दोहनगृह आणि मोकळा गोठा बांधण्याचे कर्ज ज्यांस झेपणारे नव्हते, अशा शेतकऱ्यांना त्याने आणखी एक पिढीभर धंद्यात ठेवले. हे श्रेय लहान नव्हे. २००७ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत अमेरिकेतील जवळजवळ निम्म्या दुग्धशेतांवर धार दावणीतच काढली जात असल्याचे आढळले. मात्र त्याच पाहणीप्रमाणे देशातील तीनचतुर्थांशाहून अधिक गाईंची धार दोहनगृहांत निघत होती. शेतांच्या संख्येने दावण टिकून होती. दुधाच्या राशीने ती मागे पडली होती.

कारण उघड आहे. दावणीच्या गोठ्यात जितकी ठाणे तितक्याच गाई. दोहनगृहात गाई पाळीपाळीने येत असल्याने तीच यंत्रे शंभरास पुरतात आणि पाचशेसही. न्यूझीलंडमधील रॉन शार्प याने १९५२ मध्ये बांधलेल्या हेरिंगबोन दोहनगृहात माणूस खड्ड्यात उभा राहतो आणि कास त्याच्या हाताच्या उंचीवर येते. दावणीत माणसास प्रत्येक गाईपाशी गुडघे मोडून बसावेच लागते. दूधनळाने त्याच्या खांद्यावरील भार काढला, पण गुडघ्यांवरील भार तसाच ठेवला. गाईंची संख्या वाढल्याने तो वाढलाच असे म्हणावे लागेल. नळावर काढलेले कर्ज फेडण्यास दुधाचा भाव साथ देईना तेव्हा गाई वाढविणे हाच मार्ग उरे, आणि ठाणे संपल्यावर तोही खुंटे. विस्कॉन्सिनमध्ये २००४ साली पंधरा हजारांहून अधिक परवानाधारक दुग्धशेते होती; २०२३ च्या अखेरीस ती सहा हजारांहून कमी उरली. या ऱ्हासाची कारणे भाव, कर्ज, मजुरी आणि वारस अशी अनेक आहेत. परंतु बंद झालेल्या शेतांत दूधनळ असलेले लहान दावणीचे गोठे मोठ्या संख्येने होते, यात आश्चर्य नाही.

दावणीपुढील शेवटचा प्रश्न नळाशी संबंधित नाही. तो साखळीशी आहे. नॉर्वेने २००४ पासून नवे दावणीचे गोठे बांधण्यास मनाई केली. कॅनडात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या दुभत्या जनावरांच्या संगोपनसंहितेने नव्या गोठ्यांत गाईस रोज मोकळे फिरता आले पाहिजे अशी अट घातली, आणि जुन्या गोठ्यांतही संपूर्ण उत्पादनचक्रभर तिला सतत बांधून ठेवण्यास २०२७ ही अखेरची मुदत घालून दिली. अभियंत्यांनी अर्धशतक खपून प्रवाहाचा प्रश्न सोडविला आणि उंचीचा प्रश्न सुसह्य केला. गाय बांधलेली असावी काय, हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता. तो हिवाळ्यासाठी बांधलेल्या त्या जुन्या सखल गोठ्याने सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्यापुरता सोडविला होता, आणि त्यानंतरच्या प्रत्येक यंत्राने ते उत्तर गृहीत धरले.

तंत्रविद्येच्या इतिहासकारास यातून एक पद्धतीविषयक बोध घेता येतो. यंत्राचा अभ्यास करताना त्याच्या शोधाच्या वर्षाइतकेच ते ज्या इमारतीत बसविले गेले तिच्या बांधणीचे वर्षही विचारात घेतले पाहिजे. विस्कॉन्सिनमधील दूधनळ १९५० च्या दशकातील होता, परंतु त्याची उंची एकोणिसाव्या शतकाने ठरविली होती.